जुन्या फॉन्टातली मराठी युनिकोडमध्ये आणताना

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे महाराष्ट्रातल्या कितीतरी दिवाळी अंकांची, स्मरणिकांची आणि छोट्या प्रकाशनांच्या पुस्तकांची अक्षरजुळणी पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्राममध्ये झाली. फॉन्ट कुठे श्रीलिपीचे, कुठे आकृतीचे, कुठे सी-डॅकच्या आयएसएमचे, तर कुठे शिवाजी किंवा कृतिदेव. या फायली अजून सीडींवर आणि जुन्या हार्डडिस्कवर आहेत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या की समोर रोमन अक्षरांची अर्थहीन रांग येते. एका त्रैमासिकाचे जुने अंक आणि दिवाळी अंक या अवस्थेतून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेत, आणताना कामाचा जो क्रम ठरत गेला आणि जिथे जिथे गाडी अडली, ते इथे लिहितो आहे. हेच काम हाती घेणाऱ्याला थेट वापरता यावे, एवढाच हेतू आहे.

आधी रोग समजून घ्यायला हवा. जुन्या फॉन्टात ‘म’ नावाचे अक्षर साठवलेलेच नसते. साठवलेला असतो रोमन अक्षराचा क्रमांक, आणि फॉन्ट त्या जागी ‘म’चे चित्र दाखवतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द म्हणजे लहान ई, जे, के, मग मोठा बी आणि शेवटी लहान एच. दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टात त्याच शब्दाला वेगळीच अक्षरे. भारतीय लिप्यांतल्या अक्षरांचे क्रमांक ठरवणारे आयएससीआयआय हे भारतीय मानक १९९१ साली ठरलेले होते आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली, पण विंडोजमध्ये देवनागरीचा आधार आला तो विंडोज २००० पासून. पेजमेकरला तर तो शेवटपर्यंत मिळालाच नाही. मधल्या काळात छपाई थांबणार नव्हती, म्हणून प्रत्येक कंपनीने स्वतःची मांडणी केली. कागदावर अंक देखणे निघाले, मात्र मजकूर त्या फॉन्टाच्या कुलपात अडकला.

पहिला नियम असा की फॉन्टाचे नाव कळल्याशिवाय मजकूर काढायचा नाही. फाईल उघडून सगळे निवडले आणि साध्या टेक्स्ट फाईलमध्ये चिकटवले, की कोणता तुकडा कोणत्या फॉन्टात होता ही माहिती कायमची जाते. एकाच परिच्छेदात मराठी मजकूर श्रीलिपीत, इंग्रजी नाव टाइम्समध्ये आणि आकडे तिसऱ्याच फॉन्टात असतात. सरसकट रूपांतर केले की इंग्रजी नावांची देवनागरी भेळ होते, आणि ती नंतर निस्तरता येत नाही.

वर्डच्या जुन्या फायली लिबरऑफिसमधून नव्या डॉक्स प्रकारात नेल्या की आतल्या एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणा घालून लिहिलेल्या साध्या मजकुरात, प्रत्येक तुकड्याशेजारी फॉन्टाचे नाव मिळते. पेजमेकरसाठी मात्र इनडिझाईन या पानमांडणीच्याच प्रोग्रामची सीएस४ ते सीएस६ यांपैकी एखादी आवृत्ती लागते. पेजमेकर ६ पासूनच्या फायली ती उघडते, पुढच्या सीसी आवृत्त्यांनी ही सोय काढून टाकली. तिथून आयडीएमएल प्रकारात निर्यात करायची. आयडीएमएल म्हणजे एक झिप फाईल. तिच्या आत प्रत्येक मजकूरप्रवाहाची (एकमेकींना जोडलेल्या चौकटींतल्या सलग मजकुराची) वेगळी एक्सएमएल फाईल असते आणि प्रत्येक तुकड्याला लावलेला फॉन्ट त्यात नोंदलेला असतो. प्रवाहांचा क्रम लेखाच्या क्रमाने येत नाही. पानावरचे चौकटींचे स्थान वाचून तो लावावा लागतो.

इथे दोन गोष्टी हमखास निसटतात. लेखाचे मोठे आद्याक्षर बहुतेक वेळा वेगळ्या चौकटीत टाकलेले असते, त्यामुळे लेख दुसऱ्या अक्षरापासून सुरू होतो. आणि शीर्षके पुष्कळदा कोरलड्रॉमध्ये सजवून रेषाकृती म्हणून आणलेली असतात. त्यांत मजकूर नसतोच, ती हाताने टाइप करायची. छापील अंक शेजारी उघडा ठेवल्याशिवाय हे दोन्ही लक्षात येत नाही.

आता क्रमांकांबद्दल. विंडोजच्या पाश्चात्त्य कोडपेज १२५२ मध्ये, म्हणजे अक्षरांच्या क्रमांकांच्या जुन्या तक्त्यात, षोडशमान (सोळाच्या पायावर मोजलेल्या) ८० ते ९एफ या पट्ट्यात वळणदार अवतरणचिन्हे, डॅश वगैरे बसतात, आणि युनिकोडमध्ये येताना त्यांचे क्रमांक बदलतात. म्हणून आधी मजकूर परत १२५२ मध्ये नेऊन मूळ बाइट मिळवायचे. त्यातल्या ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला कोडेक, म्हणजे हे रूपांतर करणारा भाग, तिथे अडून बसतो, आणि फॉन्टवाल्यांनी त्या जागाही वापरलेल्या असू शकतात. या पाचांची सोय वेगळी करावी. फॉन्ट ‘चिन्ह’ प्रकारचा असेल तर वर्ड सगळी अक्षरे एफ००० पासूनच्या खासगी पट्ट्यात ठेवते, तिथे एफ००० वजा केले की काम होते. ए० आणि एडी या दोन जागांवरही डोळा ठेवायला हवा. पहिली म्हणजे न तुटणारी मोकळी जागा, दुसरी अदृश्य संयोगचिन्ह. मधल्या एखाद्या प्रोग्रामने पहिलीची साधी स्पेस केली किंवा दुसरी गिळली, की त्या जागी असलेले अर्धे अक्षर अंकभर नाहीसे होते.

वर्डमधल्या फायलींना आणखी एक दुखणे असते, वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे होण्याचे. कृतिदेवमध्ये लहान ई म्हणजे ‘म’ आणि मोठा ई म्हणजे ‘म्’. त्यामुळे वाक्याच्या सुरुवातीचे ‘मराठी’ रूपांतरानंतर ‘म्राठी’ होते. असे शब्द फक्त वाक्यारंभी सापडले तर मूळ कारण हेच समजावे.

खरे काम तक्त्याचे आहे. फॉन्टफोर्ज या फॉन्ट संपादकात फॉन्ट उघडून २० ते एफएफ या २२४ जागांची चित्रे कागदावर छापून घ्यावीत आणि एकेका चित्रापुढे युनिकोड लिहावे. या कामाला अक्षरजुळणी करणारी व्यक्ती, म्हणजे डीटीपी ऑपरेटर, शेजारी हवीच. एकाच वेलांटीची तीन रुंदीची चित्रे असतात, ‘ट’ आणि ‘ड’ यांच्याखाली बसणारा उकार वेगळा, रफार एकटा वेगळा, रफार आणि अनुस्वार जोडून वेगळा, रफार आणि दुसरी वेलांटी जोडून आणखी वेगळा. एखादा ठिपका नेमका कशासाठी आहे हे चित्र बघून कळत नाही, वीस वर्षे त्यावर बोटे चालवलेल्या माणसाला विचारले की लगेच कळते. अशा कामाच्या अंदाजपत्रकात प्रोग्रामरचे तास लिहितात आणि ऑपरेटरला ‘जरा मदत करा’ म्हणतात, ते चूक आहे. तक्ता त्याच्या ज्ञानावर उभा राहतो, तेव्हा त्याचे तास पहिल्या ओळीत लिहून त्याचे पैसे द्यावेत. दर ठरवतानाही पानांवर ठरवू नये, फॉन्टांच्या संख्येवर ठरवावा. एका फॉन्टातली हजार पाने आणि शंभर पाने यांत फरक तपासणीचा पडतो, तक्त्याचे कष्ट तेवढेच.

तक्ता साध्या सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या मजकूर फाईलमध्ये, ठेवावा. बाइट, युनिकोड आणि प्रकार असे तीन रकाने पुरतात. प्रकार म्हणजे पूर्ण व्यंजन, अर्धे व्यंजन, काना, आधी येणारी वेलांटी, नंतर येणारी मात्रा, रफार वगैरे. एकाच घराण्यातल्या फॉन्टांची मांडणी बहुधा सारखी असते, तरी प्रत्येक फॉन्टाचा एक परिच्छेद छापील पानाशी ताडून पाहिल्याखेरीज तक्ता दुसऱ्याला लावू नये. द्वैभाषिक फॉन्ट तर पूर्ण वेगळे धरावेत, त्यांत रोमन अक्षरे आणि देवनागरी एकाच फॉन्टात नांदतात.

यानंतर क्रम लावायचा. जुना मजकूर दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. नियम तीन आहेत आणि ते याच ओळीने चालवावे लागतात.

पहिला, अर्धे अक्षर आणि काना मिळून पूर्ण अक्षर. ‘स’ म्हणजे ‘स्’ आणि पुढे काना. ‘सा’ म्हणजे ‘स्’ आणि दोन काने. हा नियम आधी चालला नाही तर पुढचे दोन्ही नियम अर्धवट अक्षरांवर चालतात आणि ‘सि’चे ‘स्िा’ होते.

दुसरा, पहिली वेलांटी. ती अक्षराआधी टाइप केलेली असते, तिला पूर्ण जोडाक्षर ओलांडून त्याच्या नंतर न्यायचे. जोडाक्षराची व्याख्या अशी: एक व्यंजन, त्यापुढे ‘हलंत आणि व्यंजन’ ही जोडी शून्य किंवा कितीही वेळा. वेलांटीने एकच अक्षर ओलांडले तर ‘स्थिती’चे ‘स्िथती’ होते. वेबवरच्या जुन्या मराठी-हिंदी मजकुरात ही चूक आजही जागोजाग दिसते, ती इथूनच आलेली.

तिसरा, रफार. तो अक्षरानंतर, मात्रेच्याही नंतर येतो. त्याला मागे उडी मारायची आहे, आणि उडीत मात्रा, अनुस्वार आणि अख्खे जोडाक्षर आले पाहिजे. उडी एका व्यंजनाची पडली की ‘मूर्च्छा’ची ‘मूच्र्छा’ होते आणि ‘ईर्ष्या’ची ‘ईष्र्या’.

आता खास मराठीचा प्रश्न, ज्यासाठी हिंदीकरता बनवलेले तयार परिवर्तक वापरायला माझा ठाम विरोध आहे. ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ यांतला आडवा र त्यांच्या तक्त्यात नसतोच. ते सरळ रफार देतात. ‘आचाऱ्यांना बोलवा’ आणि ‘आचार्यांना बोलवा’ यांत स्वयंपाकी आणि गुरुजी यांची अदलाबदल होते, ‘दऱ्या’ समुद्र होतो, आणि एकदा झालेली ही चूक कोणताही प्रोग्राम परत ओळखू शकत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. मूळ फॉन्टात मात्र दोन्हींची चित्रे वेगळी आहेत. माहिती आहे तोवरच ती वाचवायची.

युनिकोडमध्ये हा आडवा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ०९३१ हा ऱ आणि पुढे हलंत, किंवा साधा र, हलंत आणि २००डी हा अदृश्य जोडक. दिसायला सारखेच, शोधताना वेगळे. आम्ही सगळीकडे ०९३१ ठरवला. इथे एक सापळा आहे. शोध नीट चालावा म्हणून अनेक जण मजकुरातले सगळे अदृश्य जोडक उडवून देतात. आधी ‘र, हलंत, जोडक’ याचा ०९३१ करून घेतला नसेल, तर त्या एका ओळीने अख्ख्या संग्रहातले आडवे र रफार होतात.

असेच ‘ॲ’चे. ०९७२ हा त्याचा स्वतंत्र क्रमांक युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली आला. त्याआधीचा मजकूर ‘अ’ला चंद्र जोडून लिहिलेला असतो. ‘ऑ’ कुणी ०९११ ने लिहितो, कुणी ‘आ’ला चंद्र देतो. ‘ो’ कधी काना आणि मात्रा अशा दोन तुकड्यांत असतो. एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकरूप करणारी युनिकोडची प्रमाण ‘एनएफसी’ प्रक्रिया यांतले काहीही एकत्र करत नाही. ती चालवली म्हणजे झाले, असे समजणारे पुष्कळ भेटतात. या बदलांची यादी स्वतः लिहावी लागते.

विसर्गाचाही निकाल लावायला हवा. ऑपरेटर विसर्गाऐवजी अपूर्णविरामाची किल्ली दाबत, त्यामुळे ‘दु:ख’, ‘स्वत:’, ‘पुन:’ अशा शब्दांत दोन साधे ठिपके असतात. शब्दाच्या मध्ये आले तर ते निर्धास्तपणे ०९०३ करावेत. शब्दाच्या शेवटी आले तर यादी लागते. ‘स्वतः’ आणि ‘विशेषतः’ यादीत, ‘विषय:’ मात्र नाही. ओळीच्या शेवटी हाताने टाकलेली संयोगचिन्हे गद्यात जोडून घ्यावीत. कवितेला हा नियम लावायचा नाही, तिथे ओळ कवीची आहे.

तपासणीसाठी आधी कसोटीच्या शब्दांची फाईल केली: स्थिती, मूर्च्छा, आर्थिक, पुनर्निर्मिती, राष्ट्रीय, वैशिष्ट्ये, सर्वांना, वाऱ्यावर, हृदय, शृंगार, ज्ञानेश्वरी, क्षत्रिय, ट्रॉली, ऑक्टोबर, ॲल्युमिनियम, दुःख. तक्त्यात एक ओळ बदलली तरी सगळी फाईल पुन्हा चालवायची. असे चाळीस-पन्नास नेमके शब्द दहा पानांच्या वरवरच्या वाचनापेक्षा जास्त चुका पकडतात. त्यानंतर सगळ्या संग्रहावर अशक्य रचना शोधायच्या: मात्रेने सुरू होणारा शब्द, लागोपाठ दोन मात्रा, अनुस्वारानंतर मात्रा, देवनागरी शब्दात उरलेले रोमन अक्षर. शेवटी सर्व शब्दांची वारंवारता काढून एकदाच आलेले शब्द वेगळे करावेत. चुका तिथेच साचतात.

ही वारंवारता पायथनमध्ये काढताना मजकुरातले शब्द शोधणारे नेहमीचे ‘रे’ मॉड्यूल वापरू नये. त्याच्या ‘शब्दातले अक्षर’ या व्याख्येत मात्रा बसत नाहीत, त्यामुळे ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे पडतात. स्वतंत्रपणे मिळणारे ‘रेगेक्स’ मॉड्यूल हे नीट करते. लांबीचाही गोंधळ समजून घ्यावा: ‘मराठी’त दिसणारी अक्षरे तीन, युनिकोड क्रमांक पाच, यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत बाइट पंधरा. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाईलव्यवस्थेत फाईलनावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे, म्हणजे देवनागरीत ८५ क्रमांक. दिवाळी अंकातल्या लेखाचे उपशीर्षकासकट नाव फाईलला दिले की ती मर्यादा सहज ओलांडते. फाईलला क्रमांक द्यावा आणि नाव आत लिहावे.

शब्दतपासनीस फक्त खूण करण्यासाठी वापरावा, दुरुस्तीसाठी नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ चे, त्यांत १९७२ साली चार नियमांची भर पडली. अंकात पुनर्मुद्रित केलेल्या जुन्या लेखांत ‘नांव’, ‘कांहीं’ अशी रूपे असतात, ती त्या काळची आहेत आणि तशीच राहिली पाहिजेत. याच कारणाने मजकूर भाषा-मॉडेलला देऊन ‘शुद्ध करून दे’ म्हणणे मला मान्य नाही. ते काम झपाट्याने करते, पण न सांगता ‘नांव’चे ‘नाव’ करते, बोलीतले वाक्य प्रमाण करते, आणि बदल कुठे केला याचा माग ठेवत नाही. संशयास्पद ओळी दाखवायला सांगावे, निर्णय मूळ पान समोर ठेवून माणसाने घ्यावा.

छापील पाने स्कॅन करून, चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या प्रोग्रामच्या मराठी प्रारूपाने वाचून घ्यावीत, मग फायलींशी झटापट कशाला, असा प्रश्न येतो. फाईल हाती असताना तो मार्ग मी निवडणार नाही. स्कॅनमधली चूक प्रत्येक पानावर वेगळी असते: इथे अनुस्वार गेला, तिथे ‘घ’चा ‘ध’ झाला. तक्त्यातली चूक सगळीकडे एकसारखी असते, म्हणून ती एका जागी सुधारली की अंकभर सुधारते. स्कॅनचा उपयोग दुसऱ्या साक्षीदारासारखा करावा. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून जिथे फरक दिसेल तीच जागा वाचावी. फाईल हरवलेल्या अंकांसाठी अर्थातच दुसरा इलाज नाही.

मजकूर तयार झाल्यावर लेखकसूची करताना क्रमाचा प्रश्न येतो. नुसत्या क्रमांकांनी लावले तर ‘ळ’ हा ‘ल’ला चिकटून बसतो आणि ‘क्ष’ हा ‘क’मध्ये जातो. मराठी वर्णमालेत ह, मग ळ, क्ष, ज्ञ. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आवृत्ती १० पासून आयसीयूचे (भाषावार क्रमाचे नियम देणाऱ्या संग्रहाचे) मराठी वर्गीकरण मिळते, ते त्या रकान्याला लावावे. वेबपानावर भाषा म्हणून मराठीचा संकेत, ‘एमआर’, लिहावा. ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दिलेले आहेत, ते हा संकेत वाचूनच ती रूपे दाखवतात. शोधाच्या चौकटीत वाचक जे टाइप करेल त्यालाही वरचीच सगळी एकरूपता लावायची, नाहीतर ‘अ’ला चंद्र देऊन लिहिणाऱ्याला ‘ॲ’चे लेख सापडणार नाहीत.

जपून ठेवायच्या वस्तू चार: मूळ फाईल जशीच्या तशी, तिचा एसएचए-२५६ ठसा (फाईलमध्ये बदल झाला की बदलणारा आकडा), फॉन्टांचे तक्ते आणि रूपांतरित मजकूर. तक्ते बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये ठेवावेत आणि प्रत्येक बदलासोबत तो कोणत्या शब्दामुळे केला ते लिहावे. फॉन्ट विकतचे असतात, ते वाटू नयेत. तक्ता मात्र खुला करावा, म्हणजे दुसऱ्या गावातल्या वाचनालयाला तेच काम पहिल्यापासून करावे लागणार नाही.

आणि चालू अंक जुन्याच फॉन्टात निघत असेल तर हे काम कधी संपणार नाही. सीएस६ पासून इनडिझाईनला भारतीय लिप्या जमतात, त्यासाठी परिच्छेदाच्या पर्यायांत ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो. तो निवडलेला नसला की जोडाक्षरे फुटतात आणि ‘युनिकोड छपाईला चालत नाही’ असा समज होतो. ऑपरेटरला जुनी किल्लीरचना सोडवत नसेल तर तीही सोडायला लावू नये. रेमिंग्टन या जुन्या टंकयंत्राच्या रचनेने टाइप करून युनिकोड देणारे किल्लीफलक उपलब्ध आहेत, बोटांची सवय तीच राहते. पहिला अंक निघण्याआधी एक फॉर्मा (एका कागदावर एकत्र छापली जाणारी पाने) छापून पाहावा आणि त्याच फायलीची पीडीएफ करून तिच्यातला एक परिच्छेद कॉपी करून साध्या संपादकात चिकटवावा. वेलांट्या जागेवर आल्या नाहीत, तर पीडीएफवर विसंबू नये आणि मजकुराची युनिकोड फाईल वेगळी जपावी.